गार्डसाहेबांचा फाऊल

एकदा रायपूरच्या तेलीबांध्याच्या सिग्नलवर काकांच्या स्कूटरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या वीतभर पुढे गेलं. मी मागे बसले होते. कुणी पाहिलं नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, आणि काकांनी स्कूटर बाजूला घेऊन स्टँडवर लावली. मग सरळ ट्रॅफिक हवालदाराकडे गेले.

"साहब, हमारा चक्का लाइन के बाहर गया था."

हवालदारानं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कुणी मोबाइलवर शूटिंग करतंय का ते चारी बाजूंना पाहिलं. "तो?"

"तो क्या? फाऊल है. चालान काटिए."

"चाचाजी, घर जाइए ना," त्यानं चक्क हात जोडले. "धूप बहुत है."

घर येईपर्यंत काकांची चुळबुळ चालूच. "त्यानं लिहून घ्यायले पाहिजे होतं, पोट्टी. मी स्वतःहून सांगून राहिलो न त्याले." मी मागून म्हटलं, "काका, त्याच्या खात्यात अशी केस पहिलीच असंल. त्याले फॉर्म कोणता भरायचा ते माहीत नसंल." काका हसले नाहीत. या विषयावर ते कधीच हसत नसत.

सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मूळचे आमच्यासारखेच विदर्भाकडचे, पण रायपूरला जन्म गेला. अंगकाठी किडकिडीत, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत मोजून तीन घड्या घातलेल्या. ते रेल्वे कॉलनीतल्या क्लबात रोज संध्याकाळी पाच वाजता यायचे आणि स्नूकरच्या टेबलाला आधी एक फेरी मारायचे. गार्डाची सवय. गाडी सुटायच्या आधी डबे पाहून घ्यायचे, तसं.

मी त्याच कॉलनीतली, नात्यानं त्यांची कुणी नाही, रेल्वेच्याच ऑफिसात क्लार्क. क्लबात जायचे ती कॅरम खेळायला. एक दिवस कॅरम अडलेला होता आणि मी स्नूकरच्या टेबलाशी उभी राहून तोंड वाकडं करत होते. काका म्हणाले, "कॅरम येते न तुले? मग हे बी येईन. फक्त ओरडायचं नाही." क्लबात तोवर बायका फक्त हळदीकुंकवाला यायच्या. माझ्या हातात क्यू, म्हणजे स्नूकरची काठी, पाहून दोनचार जणांच्या भुवया वर गेल्या. काकांनी त्यांना काही म्हटलं नाही, नुसता क्यूच्या टोकाला लावायचा खडू माझ्या हातात दिला.

आता मुद्द्याचं सांगते. स्नूकरमध्ये फटका मारताना बॉलला तुमचं बोट लागो, बाही लागो, काहीही लागो, तो फाऊल. पॉइंट समोरच्याला आणि डावही समोरच्याचा. एका अख्ख्या गेमला म्हणायचं फ्रेम. पुष्कळदा हे असं हलकं लागतं की खेळणाऱ्यालाच कळतं. आमच्या क्लबाचा जुना रिवाज असा की आपला फाऊल आपणच सांगायचा. "टच," म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. समोरचा "थँक्यू" म्हणणार. हा रिवाज कुणी लिहिलेला नव्हता, पण काकांनी तो असा धरला होता की लिहिलेल्याची काय बिशाद!

आणि त्यांच्या रिवाजाचा दुसरा अर्धा भाग त्याहून विचित्र. समोरच्याचा फाऊल ते कधीही सांगत नसत. समोरचा वाकला की काका मान वर करून पंख्याकडे पाहत बसायचे. मुद्दाम. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या पानात काय वाढलं ते पाहायचं नसते."

हे टेबलापुरतं असतं तर ठीक होतं. काकू एकदा माझ्यासमोर कावल्या. "यायच्या वरणात एक दिवस मिठाच्या जागी साखर पडली माह्या हातून. दोन वाट्या प्याले अन् ताटावरून उठले! मी जेवायले बसली तेव्हा मले समजलं. बत्तीस वर्षांत या माणसानं एकदा तरी म्हणावं न, की भाजी खारट झाली. मी काय भिंतीसंगं संसार करून राहिली?" काका शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

आमच्या विदर्भाकडच्या माणसाला तोंडावर बोलल्याशिवाय जेवण पचत नाही. माझी आई तर लग्नाच्या मांडवात नवरीला "वजन वाढलं वो तुझं" म्हणून येणारी. त्यामुळे काकांचं हे मौन कुठून आलं ते मला कळायचं नाही. मग वाटायचं, ते छत्तीसगढचं असेल. क्लबात मंगलू भैया म्हणून मार्कर होते. टेबलाचं कापड झाडणं आणि पॉइंट मांडणं हे त्यांचं काम. धमतरीकडचे, जुने, गोड माणूस. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "हव," म्हणजे हो. चहा चांगला झाला? हव. चहा वाईट झाला? हव. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर येतच नसे. काका आणि ते, दोघांची तीस वर्षांची जोडी होती. एक दुसऱ्याचं बोलत नाही, दुसरा कुणाचंच बोलत नाही.

खेळात मी सुमार. हात थरथरतो माझा. पण नियम पाठ व्हायचे, नजर तीक्ष्ण, म्हणून काकांनी मला रेफरीची परीक्षा द्यायला लावली. मी पास झाले तेव्हा सगळ्या क्लबाला समोसे खाऊ घातले आणि म्हणाले, "रेफरी म्हणजे टेबलाचा नोकर. खेळणाऱ्याचा नाही. समजलं?" समजलं म्हटलं. काय समजलं होतं, कप्पाळ!

त्यानंतर वर्षभरानं असेल. काका सराव करत होते, मी पाहत होते. टेबलावर टेकवलेल्या डाव्या हाताची करंगळी शेजारच्या लाल बॉलला लागली. बॉल केसभर हलला. मी वाट पाहिली. काकांनी फटका मारला, बॉल भोकात गेला, ते पुढच्या बॉलकडे वळले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या संध्याकाळी मी घरी येऊन रडले. काका चोरी करतात! आठ दिवस मी क्लबात गेले नाही. गेले तेव्हा पुन्हा तेच, दोनदा. तिसऱ्या दिवशी आम्ही बाहेर चहा घेत होतो. काकांनी उकळत्या चहाचा काचेचा ग्लास मुठीत धरला आणि बोलत राहिले. मी माझा ग्लास ओढणीच्या टोकानं धरला होता, तरी चटके बसत होते. काकांनी ग्लास खाली ठेवला तेव्हा बोटं लालभडक झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

साखरेची बिमारी त्यांना पंधरा वर्षांपासून. बोटं बधिर झाली होती. त्यांना कळतच नव्हतं.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग जास्तच वाईट वाटलं. कारण काकांकडे होतं काय? पेन्शन, एक स्कूटर, आणि "गार्डसाहेब आपला फाऊल स्वतः सांगतात" ही एवढी एक गोष्ट. ती त्यांना कोण जाऊन सांगणार की साहेब, तुमच्या प्रत्येक फ्रेममध्ये आता दोन दोन फाऊल होतात? मी मंगलू भैयांकडे पाहिलं तर त्यांनी नजर चुकवली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. हळूहळू लक्षात आलं की सगळ्यांनाच माहीत आहे. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण काका वाकले की सगळा क्लब पंख्याकडे पाहायला लागला होता. त्यांचीच शिकवण! अशी दोन वर्षं गेली. काका जिंकत राहिले. दिवाळीच्या टूर्नामेंटचा कपही त्यांनीच घेतला, पंडरीच्या एका कापडवाल्या सेठजींना हरवून.

मग क्लबानं ठरवलं की टूर्नामेंट बाहेरच्यांनाही खुली करायची. तेलीबांध्याकडे नवीन पूल पार्लर, पैसे भरून स्नूकर खेळायची दुकानं, निघाली आहेत, एसी, लाल निळे दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी. तिथला एक पोट्टा, असेल तेवीस चोवीस वर्षांचा, हाताला कडं, केसाला जेल, सटासट जिंकत फायनलला आला. खेळ सुरेख होता त्याचा. पण पार्लरचा रिवाज निराळा. तिथे दिसला तर फाऊल, नाही दिसला तर नाही. आपला फाऊल आपण सांगणारा तिथे येडा ठरतो, आणि समोरच्याचा सांगायचा तर बोंब मारून सांगायचा. सेमीफायनलला हा पोट्टा क्लबातल्या जुन्या वकीलसाहेबांवर असा ओरडला की त्यांच्या हातातला क्यू पडला. क्लबातले म्हातारे म्हणाले, संस्कार नाहीत. पण ओरडला होता ते खरं होतं, मी रेफरी होते, मी पाहिलं होतं.

फायनल रविवारी दुपारी. रेफरी मीच. पांढरे हातमोजे आदल्या रात्रीच धुऊन ठेवले होते. मी सकाळी देवाला सांगितलं, की बाप्पा, आज काकांचं बोट कुठे लागू देऊ नको. लागलंच तर पोट्ट्याला दिसू देऊ नको. रेफरीनं करायची ही प्रार्थना नव्हे, मला कळतंय.

शेवटच्या फ्रेमला टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा एवढेच तीन बॉल उरले होते आणि काका चार पॉइंटनं मागे. डाव त्यांचा. निळा मारायचा, पण पांढरा बॉल गुलाबीला खेटून थांबलेला. गुलाबीवरून हात उंच करून, नुसता बोटांच्या टोकांवर तोलून मारायचा फटका. वाकले. करंगळी खाली आली, गुलाबीवर टेकली, गुलाबी किंचित डुलला, आणि काकांनी मारला. निळा असा गेला भोकात, की काय सांगू! सगळा क्लब टाळ्या वाजवत उठला.

"टच!" पोट्टा ओरडला. "दीदी, पिंक को टच हुआ! उँगली लगी है!"

टाळ्या थांबल्या. मग एकदम गलका. "अरे चुप!" "जानता है किसको बोल रहा है?" "गार्डसाहब झूठ बोलेंगे?" कुणीतरी मागून म्हणालं, "पार्लर का लड़का है, वहाँ यही सिखाते हैं." पोट्ट्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे पाहत होता. "दीदी, आपने देखा ना? कसम से, लगा है."

काका शांत होते. "नाही लागला," ते मला म्हणाले. "लागला असता तर म्या सांगितलं असतं."

खोटं बोलत नव्हते हो! हेच तर दुखणं होतं. तिथे दोघं खरं बोलत होते आणि खोटी मी एकटी होते, दोन वर्षांपासून. मी गप्प राहिले असते तर काका चॅम्पियन होऊन घरी गेले असते आणि तो पोट्टा लबाड ठरून. सगळ्यांनी त्याला लबाड म्हणून झालंच होतं.

"फाऊल," मी म्हटलं. "गुलाबीचे सहा पॉइंट. निळा जागेवर ठेवा."

काका माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, हिशोब न लागल्यासारखे. मग त्यांनी क्यू भिंतीला टेकवला, डावा हात टेबलाच्या कापडावर पसरला आणि डोळे मिटले.

"ठेव बॉल. बोटापाशी."

"काका, नको."

"ठेव म्हणतो न मी."

मी गुलाबी उचलला आणि त्यांच्या करंगळीला चिकटवून ठेवला. मग मलाच राहवलं नाही, मी तो जरा दाबला. काका डोळे मिटून उभे. कपाळावर आठ्या. सगळे बघत होते. एक मिनिट तरी गेलं असेल.

"ठेव ना, पोट्टी," ते म्हणाले. "कायची वाट पाहून राहिली?"

"ठेवला, काका."

त्यांनी डोळे उघडले. बोटाकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं. हात उचलला, उलटासुलटा करून बघितला, जसा कुणा दुसऱ्याचा आहे. मग पोट्ट्याकडे वळले. "फाऊल था, बेटा. सॉरी."

पोट्टा बिचारा कावराबावरा झाला. "रहने दो अंकल, आप फिर से मार लो..."

"रहने कैसे दें? गेम है. मारो."

त्यानं मारलं, तो जिंकला. काकांनी हात मिळवला, बाह्यांच्या घड्या सोडल्या आणि जाता जाता मंगलू भैयांपाशी थांबले. "तुमने देखा था? पहले भी?"

"हव."

"तो बोला क्यों नहीं?"

मंगलू भैयांच्या डोळ्यांत पाणी. "बड़े मनखे ला कइसे टोकबो, साहेब?" मोठ्या माणसाला कसं टोकायचं, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी जे सुरू केलं त्यानं सगळ्यांना घाम फुटला. दोन वर्षांत ज्यांना ज्यांना हरवलं त्यांच्या घरी जाऊन ते सांगायला लागले की ती फ्रेम तुमची होती. तात्यापाऱ्यात एका रिटायर्ड मास्तरांना त्यांनी जेवणावरून उठवलं. पंडरीला सेठजींच्या दुकानात भर गर्दीच्या वेळी दिवाळीचा कप घेऊन पोचले. सेठजी म्हणाले, "छोड़िए ना साहब, चाय पीजिए." काकांनी चहा घेतला आणि दिवाळीचा कप काउंटरवर ठेवून निघून आले. संध्याकाळी सेठजींच्या नोकरानं कप परत आणून दिला. सकाळी काका पुन्हा दुकानात. असा तो कप तीनदा गेला आणि तीनदा आला, शेवटी सेठजी दमले. आता त्यात त्यांच्या टाचण्या आणि कापड मोजायची टेप असते.

माझ्याकडे मात्र आले नाहीत. क्लबातही आले नाहीत. रस्त्यात दिसले तर स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवायचे. काकूंनी फोन करून सांगितलं की डॉक्टरकडे नेलं होतं, तळपायालाही एक जखम निघाली, चपलेतला खिळा टोचून झालेली, महिनाभराची. "यायले माहीतच नाही!" म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर पायाची बोटं गेली असती म्हणे. मी दोन वर्षं त्यांचा मान राखत होते, आणि त्यांचा पाय सडायला लागला होता.

दीड महिन्यानं न राहवून मी त्यांच्या घरी गेले. काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, "तेलीबांध्याले गेले असतीन. रोज जातात. त्या पार्लरात."

"पार्लरात? काका?"

"जाय, पाह्य जाऊन. मले तर काही समजून नाही राहिलं."

मी गेले. दार उघडल्याबरोबर गाण्याची थाप कानावर आली. लाल दिव्यात पाचसहा पोट्टे टेबलाभोवती, त्यांच्या मधोमध पांढरा शर्ट, तीन घड्यांच्या बाह्या आणि पायाला बँडेज. काका वाकले, मारलं.

"अंकल, टच!" तिघं एकदम बोंबलले. "टच, टच! येलो को लगा!"

"कहाँ लगा?" काका तितक्याच जोरात. "दिखा!"

"ये देखो ना, हिला है!"

"हट, वो पंखे की हवा से हिला!"

काका भांडत होते! लाल झाले होते, हातवारे करत होते. तो फायनलचा पोट्टा त्यांच्या पाठीवर हात टाकून हसत होता. शेवटी काकांनी हार मानली, "ठीक है, ठीक है, लिख लो," आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

बाजूच्या बाकावर बसवलं मला. बँडेजचा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी तू फाऊल देला, त्याचा राग नाही मले. त्याच्या पहिले दोन वर्षं नाही देला, त्याचा आहे."

"मले तुमचा अपमान करायचा नव्हता, काका."

"माहीत आहे. क्लबात समदे माहा अपमान करायचे नाहीत. म्या बी जन्मभर कोणाचा केला नाही." ते टेबलाकडे पाहत होते. "तीस वर्षं ज्या वकिलासंगं खेळलो, त्याचा खेळ कसा आहे, म्या पाहिलाच नाही, पोट्टी. पंखाच पाहत बसलो. हे पोट्टे पाह्य. आईबापाले बी शिव्या देतीन. पण माह्या हाताकडे पाहतात."

मला रडू आलं. आवरलं नाही मी. "चुकलं माझं, काका," म्हटलं. ते उठले, माझ्या हातात क्यू दिला आणि म्हणाले, "चाल, एक फ्रेम लाव."

पोट्ट्यांनी टेबल मोकळं केलं. गाणं कुणी कमी केलं नाही. नेहमीसारखा मी पहिलाच फटका वाया घालवला. काका वाकले. सांभाळून, बोटं एकेक करून ठेवत. करंगळी अलगद सरकली आणि लाल बॉलला टेकली. पोट्टे पुढे झाले, तोंड उघडायच्या बेतात होते. मी त्यांच्या आधी ओरडले, अख्खं पार्लर दणाणेल असं ओरडले.

"काका, टच!"

काकांनी मान वर केली. बोट बघितलं, मला बघितलं.

"आता आली तू माह्यासंगं खेळायले," ते म्हणाले आणि बाजूला झाले.